परतीचा पाऊस आणि आप्पांचं हेलिकॉप्टर

परवा दुपारी शाळेवरून हेलिकॉप्टर गेलं आणि माझ्या हातातला खडू थांबला नाही.

नववीचा वर्ग होता. पोरं बाकं ढकलून खिडकीकडे धावली. "बाई, लई खाली हाय! प्रचाराचं हाय!" मी सवयीनं "बसा खाली" म्हणाले आणि फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. पूर्णविराम दिल्यावर लक्षात आलं, की आवाज येऊन गेला आणि मी मान वर केली नाही. छातीत काही हललं नाही. खडूची भुकटी झटकत मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. पोरांना वाटलं, बाई रागावल्या.

डिंभे धरणाच्या अलीकडं, घोड नदीच्या काठावरच्या या शाळेत मला आता पंधरा वर्षं उलटून गेली. इथला ऑक्टोबर मला पाठ आहे. सकाळी ऊन असं, की पत्र्याला हात लावता येत नाही. बाराच्या सुमाराला भीमाशंकरच्या अंगानं ढगांचे पांढरे ढीग वर चढू लागतात. दोन वाजता त्यांची पोटं काळी पडतात. भातं फुलोऱ्यातून दाण्यात भरत असतात, आणि खाचरांवरून ओला, दुधाळ, किंचित गोडसर वास येतो. वारा पडतो. मग धरणाच्या पाण्यावरून ढग सरपटत खाली येतात आणि बघता बघता समोरचा डोंगर जागेवर नसतो. जाता जाता पाऊस असा लपंडाव खेळतो. शेतकऱ्याला त्याची भीती, कारण भात आडवं पडतं. आमच्या घराला त्याची भीती वेगळ्या कारणानं होती. आमचे आप्पा हेलिकॉप्टर चालवायचे.

नव्वदचं दशक संपता संपताची गोष्ट. त्या वर्षीही निवडणूक नेमकी याच दिवसांत आली होती. जीपगाड्यांवरचे कर्णे, भिंतींवरचे चुन्याचे पट्टे, आणि आभाळात दिवसाआड घरघर.

आप्पा मूळचे खोडदचे. नारायणगावच्या पूर्वेला, जिथं आता रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या प्रचंड थाळ्या उभ्या आहेत, त्या गावचे. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. तेव्हा आप्पा पंधरा वर्षांचे होते. आजोबांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की आता मान खाली घालून चालायचं नाही. आप्पा गमतीनं म्हणायचे, "म्या जरा जास्तच मनावर घेतलं. पार आभाळातच गेलो." ते फौजेत गेले, तिथं हेलिकॉप्टर शिकले, ईशान्येच्या डोंगरांत वर्षानुवर्षं रसद पोचवली, जखमी जवान उचलून आणले. निवृत्त झाल्यावर मुंबईच्या एका खासगी कंपनीत लागले. आई मात्र खोडदला राहिली. तिला मुंबई मानवली नाही, आणि शेत सोडवत नव्हतं. आप्पा महिन्यातून दोनदा यायचे.

आईनं हेलिकॉप्टरचा धसका कधी बोलून दाखवला नाही. पण आप्पा उडायला गेले की ती सतत काहीतरी करत राहायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. तिची झोप मांजरासारखी होती, दाराची कडी वाजली तरी उठून बसायची.

त्या वर्षी सप्टेंबरात, दूर दुसऱ्याच राज्यात, प्रचाराचं एक हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी होती. आपल्याकडे बातमीत माणूस मेला की नावापुढं कंसात वय छापतात. त्या वैमानिकाच्या नावापुढं वय एकोणसाठ होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, की एवढ्या वयाच्या माणसाच्या हाती हेलिकॉप्टर द्यावंच कशाला. चौकशी अजून सुरूही झाली नव्हती.

आप्पांना तेव्हा नुकतीच अठ्ठावन्न पूर्ण झाली होती.

मी ते कात्रण घेऊन खोडदला गेले. आप्पा ओट्यावर दाढी करत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, "आप्पा, आता पुरे. वय झालं तुमचं."

त्यांनी तोंडावरचा फेस पुसला, चश्मा लावून बातमी शेवटपर्यंत वाचली. चश्मा फक्त वाचायचा होता. लांबचं त्यांना स्वच्छ दिसायचं.

"विजू, अपघात झाला की पहिल्यांदा वय का विचारतात, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "कारण ते कागदावर लिहिलेलं असतं. त्या दिवशी माणूस किती झोपला होता, मागं बसलेल्या पाहुण्यानं त्याला किती घाई केली, ढग कुठून आला, ते कुठं लिहिलेलं नसतं."

"म्हणजे वयानं काहीच होत नाही?"

"तसं कुठं म्हणालो मी?" त्यांनी कात्रणाची घडी केली. मग म्हणाले, "ईशान्येला माझा एक दोस्त होता. सव्वीस वर्षांचा. ढगात फट दिसली म्हणून घुसला. पलीकडं डोंगर होता. तेव्हा त्याच्या वयाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, नशीब."

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची थाप मध्येच थांबली, आणि पुन्हा सुरू झाली. मी चिडून म्हणाले, "तुम्हाला बोलण्यात कोण हरवणार!" आणि न जेवता निघाले. जेवायला हवं होतं, असं पुढचे तीन आठवडे वाटत राहिलं.

मग तो दिवस आला. आमच्याच शाळेच्या मैदानावर सभा ठरली. मोठे पुढारी येणार होते, त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे. सकाळी जुन्नरला एक सभा, तिथून हेलिकॉप्टरनं आमच्याकडे, आणि इथून घाट ओलांडून मुंबई. आदल्या दिवशी आप्पांचा शाळेच्या फोनवर फोन आला. "उद्या तुझ्या शाळेत येतोय. पोरांना लांब उभं कर, धूळ लई उडते."

म्हणजे माझे वडील माझ्या शाळेच्या मैदानावर उतरणार होते. भीती क्षणभर विसरून मी हरखले. पोरांना सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. "बाई, तुमचे वडील डायवर हायती?" एकीनं विचारलं. मैदानात पांढऱ्या फक्कीनं मोठं वर्तुळ काढलं. टँकरनं पाणी मारलं. पोलीस आले, अग्निशमनाची गाडी आली. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायाबापड्या पहाटेच निघून आल्या होत्या. एक म्हातारी नातवाला हेलिकॉप्टर दाखवायला सहा मैल चालत आली होती. साहेबांशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

वेळ बाराची होती. एक वाजला. दीड वाजला. ढगांची पोटं काळी पडू लागली. कार्यकर्त्यांच्या जीपमधून कर्णा ओरडत होता, "साहेबांचं आगमन थोड्याच वेळात..." आणि मी सारखी पश्चिमेकडे बघत होते. डोंगराचा माथा गेला. मग खांदा गेला. धरणाच्या पाण्यावर राखाडी पडदा उतरला. फक्त आमच्या डोक्यावर, मैदानापुरतं, आभाळाचं एक उजळ भोक उरलं होतं.

दोन वाजता आवाज आला. आधी जमिनीतून आल्यासारखा, पायांना जाणवणारा. लोक उठून उभे राहिले. पूर्वेकडून ते आलं, ढगांच्या खालच्या कडेला घासत, छोटंसं, लाल-पांढरं. पोरांनी आरोळी ठोकली. ते आमच्याकडे वळलं, थोडं पुढं आलं आणि हवेत थबकल्यासारखं झालं. मी मनातल्या मनात म्हणत होते, उतरा आप्पा, इथं उजेड आहे, उतरा.

ते उतरलं नाही. नाक वळवून जसं आलं तसं परत निघालं. ढगात अर्धं बुडालं, मग सबंध. आवाज थोडा वेळ ऐकू आला. मग गडगडाट झाला, आणि नंतर ऐकू आलं ते हेलिकॉप्टर होतं की आभाळ, ते कुणालाच सांगता येईना. पाचव्या मिनिटाला आमच्या डोक्यावरचं ते उजळ भोकही मिटलं आणि पाऊस कोसळला.

लोक शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीनं उभे राहिले. एक कार्यकर्ता भिजत ओरडत होता, "काय राव, एवढं मैदान मोकळं व्हतं! म्हातारा पायलट दिलाय म्हणं. भ्याला आसंल!"

ते माझे वडील आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दीड तासाबद्दल मला पुष्कळ आठवतं आणि क्रमानं काहीच आठवत नाही. पत्र्यावरचा पाऊस. ओल्या गर्दीचा, कुडत्यांचा आणि तंबाखूचा वास. हेडमास्तर ऑफिसातल्या फोनचा आकडा पुन्हा पुन्हा फिरवत होते आणि फोन मेला होता. त्या वेळी कुणाच्या खिशात मोबाईल नव्हता. मी न जेवता निघून आल्याचं आठवत होतं. 'वय झालं तुमचं' हे माझं वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. उद्या पेपरात आप्पांच्या नावापुढं कंस येईल, त्यात अठ्ठावन्न आकडा असेल, आणि कुणीतरी म्हणेल, एवढ्या वयाच्या माणसाच्या हाती दिलंच कशाला. सहा मैल चालून आलेली ती म्हातारी माझ्याशेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, काय समजली कोण जाणे, आणि पदराखालची भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "खा बाय. यील समदं नीट."

साडेतीनच्या पुढं पोलिसांच्या गाडीतला वायरलेस खरखरला. एक हवालदार डोक्यावर फाईल धरून पळत आला. "उतरलंय! खोडदला उतरलंय! समदे सुखरूप हायती!"

मी गर्दीतून वाट काढत हेडमास्तरांकडे धावले. शेंगा सांडल्या. हेडमास्तरांनी काही न विचारता मोटारसायकल काढली आणि त्या भुरभुरत्या पावसात मला खोडदला नेलं. वाटेत मी रडत होते, आणि पावसामुळं ते कुणाला कळण्याचं कारण नव्हतं.

पूर्वेकडे पाऊस नव्हताच. नारायणगाव सोडलं तशी लखलखीत ऊन पडलं. खोडदच्या अलीकडं त्या पांढऱ्या थाळ्या दिसू लागल्या, आणि त्यांच्या पलीकडं, माझ्या चुलत्यांच्या, शांतारामकाकांच्या बाजरी कापलेल्या रानात, हेलिकॉप्टर उभं होतं. सबंध गाव भोवती जमलं होतं. बाजरीच्या वाळल्या ताटांचं रचून ठेवलेलं सरमाड पंख्याच्या वाऱ्यानं पार मीना नदीपर्यंत उडालं होतं, आणि काका ते सगळ्यांना अभिमानानं सांगत होते. "माझं समदं सरमाड उडावलं राव भावानं. पर उतरला कसा, पाखरावानी!"

आप्पा बांधावर बसले होते. शेजारी त्यांचा सहवैमानिक रोहन, नागपूरचा, एकोणतीस वर्षांचा मुलगा, पाण्याची कळशी तोंडाला लावून पीत होता. मी आप्पांसमोर उभी राहिले.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

आई थोड्या अंतरावर होती. तिनं आप्पांना हातसुद्धा लावला नाही. नुसती उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, पायापासून डोक्यापर्यंत, एखादं भांडं उचलून चीर पडली आहे का बघावं तशी.

सगळे घरी आलो, तर साहेब आमच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. सभा बुडाल्यानं चेहरा पडला होता. काकूनं दिलेला चहा त्यांनी बशीत ओतून घेतला आणि आप्पांना विचारलं, "कॅप्टन, वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न."

"तरीच," साहेब म्हणाले. ते कौतुक होतं की तक्रार, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. मग त्यांची गाडी आली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: अनुभवी वैमानिकाचं प्रसंगावधान, मोठा अनर्थ टळला. आप्पांच्या नावापुढं कंसात वय होतंच. ज्या आकड्याला महिन्याभरापूर्वी म्हातारपण म्हटलं होतं, त्याच्या जवळचाच आकडा आता अनुभव झाला होता. मी ते कात्रण शाळेत नेलं. त्या कार्यकर्त्याला शोधून दाखवावंसं वाटलं. 'वय झालं' म्हणणारी मीच आता भेटेल त्याला सांगत होते, की वय होतं म्हणून वाचले.

दिवाळी झाल्यावर गावानं आप्पांचा सत्कार ठरवला. आप्पा नको म्हणत होते. लोक ऐकेनात, तेव्हा ते म्हणाले, "मग रोहनला पण बोलवा." विहारासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या. वरच्या आळीतले शेतकरी आले, दुर्बिणीवरचे दोघे-तिघे नोकरदार आले. सरपंचांनी शाल दिली, फेटा बांधला, आणि आप्पांच्या अनुभवी नजरेवर पंधरा मिनिटं भाषण केलं. "ही नजर हाये म्हणून पाच माणसं घरी गेली," असं म्हणून ते बसले. टाळ्या झाल्या.

आप्पा उठले. फेटा काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"तुमी लई प्रेमानं बोलावलं," ते म्हणाले. "पण जे झालं ते नीट सांगायला पाहिजे. डिंभ्याला आमी पोचलो तवा ढगात फट व्हती. रोहन म्हणाला, सर, जागा दिसतीय, उतरू. साहेब मागून म्हणत व्हते, दोन मिनिटाचं काम हाय. मी न्हाई म्हणालो. अशी फट मिटते, ते मी पूर्वी बघितलेलं हाय. ती मिटली. एवढं माझं. ते घ्या."

लोक पुन्हा टाळ्या वाजवणार होते. त्यांनी हात वर केला.

"परत फिरलो. ढगाखालून, नदी धरून. वाटेत विजेचे मोठे टॉवर हायती. टॉवर बघायचा, तारा दिसत नसतात. मी समोरच्या मीटरच्या काट्यावर नजर टाकली आणि वर बघितलं, तर मला टॉवरच दिसला न्हाई. तारा समोर आल्या. मी सरळ त्यांच्यात चाललो व्हतो. या पोरानं बघितल्या, हा ओरडला, मी वर खेचलं. खालून गेल्या. किती खालून, ते आमी दोघांनीबी मोजलं न्हाई."

सरपंच आप्पांच्या खांद्यावरच्या शालीकडे बघत होते. मी आईकडे पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यात पुढं बसली होती. पदराची घडी घालून ती पुन्हा मोडत होती.

"तवा नजर याची व्हती," आप्पा म्हणाले. "शाल याला द्या." आणि स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून त्यांनी रोहनच्या अंगावर घातली.

रोहन लालबुंद झाला. लोकांनी बोला, बोला म्हटलं, तेव्हा तो अडखळत म्हणाला, "सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की मी चुकलो तर आधी ओरड, सर नंतर म्हण. त्या दिवशी मी नुसतंच 'तारा!' असं ओरडलो. सर म्हणालोच नाही. दुसऱ्या कुणाबरोबर असतो, तर आधी 'सर, जरा बघता का' म्हणालो असतो. तेवढ्यात संपलं असतं." त्यानं शाल सावरली. "आणि सरांचं ऐकून मी फटीत उतरायचा हट्ट सोडला नसता, तर तारांपर्यंत पोचलोच नसतो आम्ही."

मला तेव्हा आप्पांचा राग आला. एवढ्या लोकांसमोर सांगायची काय गरज होती? पेपरात छापून आलं होतं, गाव मानत होतं, झालं गेलं होतं. रात्रीचं जेवण आटोपल्यावर मी हेच बोलून दाखवलं.

"गरज होती," आप्पा म्हणाले. "नाहीतर पुढच्या वेळी मीच त्या फेट्यावर विश्वास ठेवला असता."

मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. टेबलावरचं पुस्तक माझ्या हातात दिलं, अंगणातल्या दिव्याखालच्या पाटीकडे बोट केलं. "पुस्तकातली एक ओळ वाच आणि लगेच पाटी वाच." मी वाचली. त्यांनी पुस्तक घेतलं, चश्म्यातून ओळ वाचली, चश्म्याच्या वरून पाटीकडे पाहिलं. आणि थांबले. मी मनात मोजलं. एक. दोन. मग त्यांनी पाटी वाचली, बिनचूक.

"दर सहा महिन्यांनी माझी तपासणी होते," ते म्हणाले. "डॉक्टर जवळचं वाचायला लावतो, मग लांबचं वाचायला लावतो. दोन्हीत मी पास. मधला वेळ कुणी विचारत नाही. तो मलाच ठाऊक होता, वर्षभर. मी म्हणत होतो, एवढ्यानं काय होतंय."

मी विचारलं, "म्हणजे मी म्हणत होते तेच खरं? वय?"

त्यांनी चश्मा काढून पुस्तकावर ठेवला. "वय होतं म्हणून फटीत गेलो नाही," ते म्हणाले. "आणि वय होतं म्हणून तारा दिसल्या नाहीत. एकाच दिवशी, एकाच माणसाला. आता यातलं तू पेपरात काय छापशील?"

मी पुढं कितीतरी दिवस याचा विचार केला. आजही करते. शाळेत नव्या शिक्षिका येतात, पंचविशीच्या, चटपटीत. वर्गाच्या मागच्या बाकावर कोण काय करतंय ते त्यांना लगेच दिसतं. मला आता तेवढं दिसत नाही. पण एखादं पोर चार दिवस गप्प का आहे, ते मला त्यांच्याआधी कळतं. वय एका हातानं देतं तेव्हाच दुसऱ्या हातानं काढून घेत असतं. आपण मात्र बेरीज तरी करतो, नाहीतर वजाबाकी. आपल्याकडे तर मोठ्यांना 'चुकताय' म्हणण्याची पद्धतच नाही. लहान माणसं मान खाली घालून गप्प बसतात, मोठे त्या गप्प बसण्याला मान समजतात. आप्पांनी एका पोराला ओरडायची परवानगी आधीच देऊन ठेवली होती, आणि त्या पोरानं ती वापरली. हे दोन्ही नसतं, तर त्यांच्या वयांची बेरीज कुणाच्याच कामाला आली नसती.

त्या प्रसंगानंतर आप्पा उडाले नव्हते. खोडदहून हेलिकॉप्टर दुसऱ्या एका वैमानिकानं नेलं. आप्पांनी कंपनीला कळवलं, की माझे डोळे पुन्हा तपासा, आणि जवळून लांब बघायला किती वेळ लागतो तेही तपासा. डॉक्टर म्हणाले, नियमाप्रमाणे ठीक आहे. कंपनी म्हणाली, मग हंगाम तरी पुरा करा, तुमच्यासारखी माणसं कुठं मिळतात. नियमानं निवृत्तीला अजून अवकाश होता. आप्पांनी ऐकलं नाही. नव्या मुलांना जमिनीवर शिकवायला महिन्यातून चार दिवस येईन, म्हणाले, आणि तसं ते पुढं कितीतरी वर्षं गेले. रोहन आज स्वतः उजव्या बाजूच्या खुर्चीत, कॅप्टनच्या जागी बसतो. त्याच्या डाव्या बाजूला बसणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी तेच वाक्य सांगतो म्हणे. मागच्या वर्षी तो बायकोला घेऊन ओझरच्या विघ्नहराला आला होता, तेव्हा वाट वाकडी करून खोडदला जेवून गेला. कानशिलावर त्याचे केस पिकायला लागलेत. आप्पांनी त्यालाही ते पुस्तक-पाटीचं करायला लावलं. तो पास झाला. दोघं पोरांसारखे हसले.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो आप्पा नोकरी सोडून घरी आले तो दिवस. नोव्हेंबर संपत आला होता. पाऊस केव्हाच गेला होता, आभाळ धुऊन पुसून निळं झालं होतं आणि हवेत कांद्याच्या रोपांचा तिखट हिरवा वास होता. मी सुट्टीची आले होते. आई वाफ्यात उकिडवी बसून रोपं लावत होती. आप्पा नारायणगावहून जीपनं आले, हातात दोन बॅगा. एरवी एकच असायची.

आईनं मान वर न करता विचारलं, "कधी जायचंय परत?"

तीस वर्षं, ते उंबऱ्यात आले की ती पहिल्यांदा हेच विचारायची.

"न्हाई जायचं," आप्पा म्हणाले.

आईच्या हातातलं रोप तसंच राहिलं. तिनं ते मातीत खोचलं, बोटांनी दाबलं, शेजारचं उचललं, तेही खोचलं. मग म्हणाली, "मग बूट काढा आणि या इकडं. पाणी पलीकडच्या वाफ्यात वळवायचंय."

आप्पांनी बूट काढले, घडीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. फावड्याचे दोन-तीन घाव त्यांनी भलत्याच जागी मारले. पाणी वाटेवर आलं. आई ओरडली, "आहो, तिकडं कुठं! डावीकडं!" ते निमूट डावीकडे वळले.

दुपारी जेवणं झाल्यावर आई ओसरीत जरा लवंडली. चहाची वेळ झाली तरी उठली नाही. मी दुधाची कासंडी ठेवताना हातून सुटली, दणका झाला, ती हललीसुद्धा नाही. काकू हाक मारत आली, तेव्हा आप्पांनी तोंडावर बोट ठेवलं. ऊन ओसरीतून उतरून अंगणात गेलं, अंगणातून बांधावर गेलं. गुरं परतली. ती झोपली होती, तोंड किंचित उघडं टाकून, लहान मुलीसारखी. आणि आम्ही दोघं तिच्या उशापायथ्याशी, काहीही न बोलता, ती आपण होऊन उठेपर्यंत बसून राहिलो.